रुतलेली जोडवी

दसऱ्याला आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि बयनाबाईची मोठी सून रेणुका त्यांतल्या दोहोंच्या मधे मेली. सासर नेरडीगोंड्याकडचं, माहेर निर्मलकडचं. सातव्यात ओटी भरून ती माहेरी गेली. इकडच्या नर्सनं नाव खोडलं, गेली म्हणून. तिकडचीनं लिहिलं नाही, दुसऱ्या जिल्ह्याची म्हणून. दोन्ही रजिस्टरं बिनचूक होती. दोन महिने तिचा बीपी कुणी पाहिला नाही. नवव्यात झटके आले आणि बाळासकट गेली.

निघण्याआधीच तिचे पाय सुजले होते. रुततात म्हणून तिनं जोडवी काढली, तर नवरा जिता असताना जोडवी काढतात का, म्हणत बयनाबाईनं तेल लावून ती परत चढवली. सूज म्हणजे मुलगा, असंही वर सांगितलं. ती जोडवी चितेवरही निघाली नाहीत.

तेव्हापासून भर दुपारी ओसरीत जोडवी वाजत. जड पायांची, सावकाश. चंपतराव म्हणाले, उंदीर असतील. उंदीर जोडवी घालत नाहीत, एवढं नवऱ्याला सांगून बयनाबाईनं विषय सोडला.

वर्षभरानं धाकट्या सुनेची, मनकर्णाची ओटी भरली. तिचंही माहेर निर्मलकडेच. निघायच्या आदल्या दुपारी पुन्हा वाजलं. या वेळी ओसरीत खरंच कुणी होतं. मनकर्णा बोटातलं जोडवं फिरवून पाहत होती. ते फिरत नव्हतं. सासू दिसताच तिनं पाय साडीत ओढले.

बयनाबाईनं तेल आणलं. सुनेनं डोळे मिटले. सासूनं जोडवी काढली, पदराच्या गाठीत बांधली आणि तिला उपकेंद्रात नेलं.

नर्स शकुबाईंनी रजिस्टर चाळलं. नाव ओटीच्या दिवशीच खोडलेलं; ही तर निर्मल जिल्ह्यात गेली न, त्या म्हणाल्या. मनकर्णा समोरच उभी होती.

"माही एक सून अशीच कागदावर माहेरी पोचली, बाई," बयनाबाई म्हणाली. "आधी बीपीचा पट्टा बांधा. हिचा जिल्हा मंग पाहू."

शकुबाईंनी पट्टा बांधला. हवा सोडली, पुन्हा भरली. मग दवाखान्याच्या गाडीला फोन लावला.

दवाखान्यानं तिला काही दिवस ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या, पुढं दर आठवड्याला दाब पाहिला. मुलगी झाली, दोघी घरी आल्या.

बयनाबाईनं पदराची गाठ सोडली, तोच ओसरीत जोडवी वाजली. मनकर्णाचे पाय अजून उघडेच होते.

"ये रेणुका," बयनाबाई न वळता म्हणाली. "पाय वर घेऊन बस."