तिसरं नाव

तंबाखूच्या सरकारी पाहणीसाठी आलेल्या म्पोलोकेंगने मांडीवरच्या टॅबलेटची धूळ बाहीने पुसली आणि म्हाताऱ्याला आदराने विचारलं, "न्ताते, या घरात पंधरा वर्षांवरची माणसं किती?"

"तीन," सेखोबे म्हणाला.

चुलीपाशी गोवऱ्या मोडत बसलेल्या लिमाकात्सोचे हात थांबले.

"मी, ही माझी मुलगी आणि हिची आई. पण सरकारला आमच्या धुराची एवढी काळजी कशी? रस्ता वाहून गेलाय, तो बघायला कुणी येत नाही."

"रस्ता सिगारेट ओढत नाही, न्ताते."

तो हसला नाही. तिने तिन्ही नावं भरली. त्यांतलं एक नाव टॅबलेट स्वतःच निवडणार आणि प्रश्न फक्त त्या माणसाला विचारायचे. यंत्राने आईचं, मालिमाकात्सोचं, नाव काढलं.

"त्यांना हाक मारा ना."

सेखोबे अंगावरच्या घोंगडीची कड सरळ करत राहिला.

"आईला पुरून तीन आठवडे झाले," लिमाकात्सो म्हणाली.

तेव्हा कुठे म्पोलोकेंगला दोघांच्या छातीवर टाचलेली सुतकाची काळी पट्टी दिसली, म्हाताऱ्याचं भादरलेलं डोकं दिसलं.

"माफ करा, न्ताते. मग त्यांचं नाव धरता येत नाही."

"पट्टी उतरलेली नाही अजून. तिचे कपडे वाटलेले नाहीत. तोवर ती या घरातलीच." त्याला दम लागला. खाणीतल्या कामावरून तो हा दम घेऊनच परतला होता. "खोडायचं तर खोडा. पण आधी लिहा, तिने कधी सिगारेटला हात लावला नाही. तीस वर्षं मी या खोलीत ओढली. माझ्याच धुराने तिची छाती खाल्ली."

हे तो दफनाच्या दिवशी म्हणाला होता. त्यानंतर रोज सकाळी म्हणत होता आणि ताट तसंच सारत होता. लिमाकात्सोने गोवरी खाली ठेवली.

"बाबा, आई ओढायची. मेंढ्यांच्या वाड्यामागे. मी लहान होते तेव्हापासून."

त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. "पोरगी दुःखात आहे, काहीही बोलते," तो म्पोलोकेंगला म्हणाला. "या घरातल्या बायका ओढत नाहीत. लिहा."

"आता नाही लिहिता येत, न्ताते. त्यांचं नाव गेलं." यंत्राने उरलेल्या दोघांतून पुन्हा एक नाव काढलं होतं. "आता ताईंना विचारायचंय."

हे प्रश्न एकांतात विचारायचे असतात. पण एवढ्या थंडीत म्हाताऱ्याला त्याच्याच घराबाहेर कसं घालवायचं? तिने आवाज खाली आणला.

"ताई, तुम्ही सिगारेट ओढता?"

लिमाकात्सोने बापाकडे पाहिलं. 'नाही' ओठांवर तयारच होतं. या डोंगरउतारावरच्या प्रत्येक बाईने सकाळपासून म्पोलोकेंगला तेच सांगितलं होतं.

सेखोबे भिंतीला धरून उठला.

"घोड्याला पाणी दाखवून येतो."

घोडा पहाटेच शेजाऱ्याकडे गेला होता. नेऊन द्यायला सेखोबे स्वतःच गेला होता.

त्याने बाहेर जाऊन दार नीट ओढून घेतलं. मग त्याचा खोकला ऐकू येऊ लागला, गरजेपेक्षा जरा मोठा, उतारावरून खाली खाली जाणारा. तो पार विरेपर्यंत लिमाकात्सो ऐकत राहिली.

"हो," ती म्हणाली. "आईबरोबर."