गाडीत बसवलेले बाबा

शनिवारी सकाळी तळ्यावरची पहिली दोनशे बदकं बाबांनी एका वाक्यात उडवली. वाक्य होतं, "इथे चहा कुठे मिळतो?" आणि ते त्यांनी, आपल्या मते, लेकीच्या कानात कुजबुजत विचारलं होतं.

चौतीस वर्षं छापखान्यातल्या यंत्रापाशी उभं राहून बाबांचे कान गेले होते. आवाज मात्र यंत्राला वरचढ होता, तो तसाच राहिला होता. पक्षी बघायला आलेल्या गटातल्या आठ जणांनी दुर्बिणी खाली केल्या आणि लेकीकडे पाहिलं. बाबांकडे कुणी पाहिलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा राग नेहमी त्याला घेऊन येणाऱ्यावरच निघतो.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षापूर्वी तिने त्यांच्यासाठी कानाचं मशीन करून घेतलं होतं, नखाएवढं. बाबांचं म्हणणं, असली मशीनं म्हातारी माणसं लावतात. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. चार दिवसांपूर्वी शिट्टीची किटली गॅसवर ओरडून ओरडून कोरडी पडली आणि जळाली. धूर शेजाऱ्यांना दिसला, आणि बाबा बाजूच्या खोलीत निवांत पेपर वाचत होते. ती काम करते त्या औषधांच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, तिला फोन आला. त्या दिवशी तिने निर्वाणीचं सांगितलं. एक तर मशीन लावा, नाहीतर या सोमवारी सामान बांधून माझ्याकडे कायमचे चला. बाबांना दोन्ही नको होतं. स्वतःचं घर सोडायचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा. "बघू," एवढंच म्हणाले.

ही सहल म्हणजे तिचा शेवटचा उपाय. पाखरांचे आवाज ऐकायच्या मोहाने तरी लावतील, असं तिला वाटलं होतं. मशीनची डबी तिने स्वतः त्यांच्या कोटाच्या खिशात घातली, आणि ती खिशातच राहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

गटाचा वाटाड्या शिस्तीचा माणूस. त्याचा एक नियम होता. पक्षी यादीत चढायचा तर निदान दोघांनी तो पाहिलेला किंवा ऐकलेला हवा. एकट्याच्या शब्दावर तो चिमणीसुद्धा लिहीत नसे. दुपारी पसरट चोचीची थापट्या बदकं दिसली, तेव्हा बाबांनी "हा तर आमच्या छापखान्यातला मुकादम!" म्हणून दाद दिली, आणि तीही गेली. संध्याकाळी वाटाड्या तिला बाजूला घेऊन म्हणाला की ताई, उद्या काका गाडीतच बसू देत. तिला राग आला, लाजही वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

रविवारी गाडी बांधावर, पाण्याकाठच्या गवताशी उभी केली. तिने बाबांची कानटोपी नीट ओढली, थर्मास दिला आणि इथेच बसा, असं तीनदा ओरडून सांगितलं. मग सगळे चिखल तुडवत लाकडी आडोशात गेले. तिथे दोन तास कुणी शिंकलं नाही की चहा मागितला नाही. तरी ज्यांच्यासाठी एवढ्या लांब आले होते त्या तरंग बदकांपैकी एक फिरकेल तर शपथ. समोर एक काळा चांदवा पक्षी तेवढा इकडून तिकडे पोहत होता. आज दोष कुणाला द्यायचा ते कुणाला कळेना, तेवढंच तिला बरं वाटलं.

परत आले तर बाबा काच खाली करून बसलेले, खुशीत. शंभरेक बदकं गाडीपासून वीस पावलांवर येऊन गवत चरून गेली, म्हणाले. तांबूस डोकं, कपाळावर पिवळट पट्टा. म्हणजे तरंगच. वाटाड्याने कपाळावर हात मारला. उभ्या गाडीला बदकं घाबरत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं, फक्त आठवलं नव्हतं. पण यादीची वही काही त्याने उघडली नाही. दुसरं कोण होतं, काका?

"नर शिट्टी मारतो," बाबा म्हणाले. "चढून उतरणारी."

पुस्तकात वाचलं असेल, असं वाटाड्या हसून म्हणाला आणि गाडी सुरू झाली. तिलाही तसंच वाटलं. पाय बधिर झाले होते, डोकं उठलं होतं. मागच्या सीटवर ती मफलरमध्ये तोंड खुपसून स्वतःशीच पुटपुटली, "किटलीची शिट्टी ऐकू येत नाही, म्हणे बदकाची आली. हट्टी ते हट्टीच. उद्या सामान बांधते."

शेजारी बसलेल्या बाईंनाही ते ऐकू गेलं नाही.

पुढच्या सीटवर बाबांची कानटोपी जराशी हलली. मागे न वळता ते काहीतरी बोलले, आणि ते इतकं हळू की या वेळी "काय?" असं तिलाच विचारावं लागलं.

"सामान राहू दे," बाबा म्हणाले. "आणि त्या वहीवाल्याला सांग, हट्टी म्हणालीस तेही ऐकलं मी. लिही म्हणावं."