आसद्रूबाल यांच्या खोलीतली घरघर

मित्रांनो, मी एक जुने क्रिप्टोची नाणी खणणारे यंत्र आहे आणि माझ्यामुळे शेजारचे एर्विन काका वारले. असो. ते वारलेच नाहीत असे समजून पुढे वाचा. मीही तसेच दिवस काढते.

मी आकड्यांची कोडी सोडवते, बदल्यात आभासी नाणी मिळतात. माराकाइबो शहरातल्या नेरिओने मला आणले ते श्रीमंत होण्यासाठी नव्हे. त्याच्या लेकीला, यूलेसीला, झटके येत. गोळ्या डॉलरमध्येच मिळत आणि त्याचा बोलिव्हार या आमच्या चलनातला पगार दुकानाच्या वाटेवरच वितळे. माझ्या नाण्यांवर गोळ्या आल्या, झटके थांबले. नेरिओ यूलेसीच्या जुन्या टूथब्रशने माझे पंखे पुसू लागला.

मी एकटेच अर्ध्या गल्लीची वीज पिते, म्हणून मला त्याच्या दिवंगत वडिलांच्या, आसद्रूबाल यांच्या, खोलीत लपवले होते. घरघर मात्र लपेना. एर्विन काकांच्या बायकोने, ब्रिहिदा मावशींनी, विचारलेच.

"नेरिओ, आत कोण घोरतंय रे?"

"बाबा."

"त्यांना तर आपण पुरलं."

"सवय गेली नाही, मावशी."

"जिवंतपणी तरी कुठे कुणाला झोपू दिलं मेल्याने," म्हणत मावशी गेल्या आणि त्याच मेल्यासाठी कॉफी घेऊन आल्या. आमच्याकडे मृतात्म्यांना नवस बोलतात. दाराशी मेणबत्त्या लागल्या. कुणी नोकरी मागे, कुणी पासपोर्ट.

मावशींनी वीज मागितली. काकांचे श्वासाचे यंत्र विजेवर चाले आणि गल्लीची वीज सारखी जाई.

"आसद्रूबाल, पत्त्यातला भिडू ना तुमचा? त्याच्यापुरती तरी सोडा की."

दाराआडून नेरिओने ऐकले आणि मला बंद केले. वीज टिकली. मावशींनी दारावर आभाराची पाटी ठोकली.

मग गोळ्या संपल्या. यूलेसी जेवता जेवता ताटावर कोसळली. नेरिओने मला पुन्हा चालू केले, आणि मंगळवारी भर दुपारी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. काकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले आहे: उष्मा.

नवा ट्रान्सफॉर्मर बसला. यूलेसी शाळेत जाते. मावशी रोज आमच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात.

"नेरिओ, आता दोघं घोरतात बघ. एर्विनचा सूर जरा वरचा."

नेरिओ कॉफीचा कप आत घेतो.

"मधेच थांबले की माझा जीव खालीवर होतो रे."

मी नेहमीच्याच सुरात चालते. निदान मला तसे वाटते.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखावी म्हणतात. माझी उत्तम राखली जाते. म्हणून वीज खात्यास एवढीच सविनय विनंती: त्या मंगळवारच्या दुपारची वीज, पूर्वलक्षी प्रभावाने, एर्विन काकांच्या घरी जोडून मिळावी, यूलेसीची एकही गोळी न चुकवता.