चंद्राची जाड बाजू

चंद्राच्या सणाच्या आदल्या दिवशी दुपारी बाओदिंगमधल्या ग्वो छांगशुनच्या दुकानात मूनकेकची, म्हणजे सणाला खातात त्या सारण भरलेल्या गोल केकची, शेवटची भट्टी लागली होती. त्याची लेक वेइलान बेइजिंगला चंद्रावर संशोधन करायची; ती तिथून आली ती धाकधूक घेऊनच. दुकान हाती घेणार की नाही ते या खेपेला तोंडावर सांग, असं बाबांनी फोनवर बजावलं होतं. नाही म्हणायचं हे तिचं ठरलेलं. पण सणासुदीला बापाला दुखवायचं कसं, ते सुचेना.

म्हणून ती गुपचूप मदतीला बसली. हाताची सवय मोडलेली. पारीत काळ्या तिळाचं सारण भरून तिने तोंड मिटलं, साच्यात दाबलं, आणि भट्टीतून केक निघाला तो एका अंगाने फुटून. सारण वर येऊन काळंभोर पसरलं होतं. दुसरं अंग मात्र धड, जाड, पांढुरकं.

"चंद्रावर यानं पाठवतात म्हणे, आणि पारी एकसारखी करता येत नाही," छांगशुन म्हणाला.

वेइलानला राग यायचा, तर हसूच आलं.

"बाबा, चंद्राचंही हेच झालंय. आपल्याला दिसते त्या बाजूचं कवच पातळ. आतला वितळलेला दगड तिथून वर आला आणि सखल जागी पसरला. तेच ते काळे डाग. पलीकडची बाजू जाड. तिथे फारसं काही वर आलंच नाही, नुसते खड्डे."

म्हातारा केक फिरवून फिरवून बघत राहिला. सगळी हयात त्याने चंद्राच्या सणावर काढली होती, पण चंद्राला पाठ असते हे काही कधी त्याच्या मनात आलं नव्हतं. मग त्याने विचारलं, मुळात एकच बाजू जाड झाली कशी?

"ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही. त्या बाजूची माती आमच्याकडे आलीय. मी तेच शोधतेय." तिने साचा खाली ठेवला. "मला तेच करायचंय, बाबा."

झालं, नकार देऊन झाला. छांगशुनने केक मोडला आणि जाड तुकडा तोंडात टाकला. कच्चा, पिठूळ. त्याने तोंड वाकडं केलं, तरी चावत राहिला.

तेवढ्यात शेजारच्या मियाओबाई आल्या. वेइलानचे पिठाचे हात पाहून त्या खूश झाल्या. अखेर लेक गादीवर बसली म्हणायची, असं म्हणाल्या.

"छे," छांगशुन घास गिळत म्हणाला. "परवा जाईल ती. तिचं काम अर्धवट राहिलंय तिकडे." आणि लेकीकडे न बघताच पुढे म्हणाला, "वहिनी, पारी वळायला कुणी चांगलं माणूस असेल तर कळवा. हिचा हात काही कामाचा नाही."