बाईसाहेबांच्या पोटातली कातरण

शिवणताईंच्या कोंबडीचं नाव बाईसाहेब. अंडी मोजकीच, तोरा मात्र रोजचा. मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून दुपारी मशिनच्या पायाशी येऊन बसणारं घरात हे एवढंच माणूस. त्या बाईसाहेबांनी तीन दिवस दाण्याकडे पाठ फिरवली, तेव्हा ताईंच्याही घशाखाली घास उतरेना.

रात्रभर उपाशी असलेल्या कोंबडीची गळ्याखालची अन्नपिशवी सकाळी रिकामी लागायला हवी. बाईसाहेबांची लिंबासारखी टणक लागत होती. ताईंनी तेलाचे चार थेंब पाजले, हलक्या हातानं चोळलं. गोळा ढिम्म.

"उलटी धर आणि झटक," जाऊबाईंनी खिडकीतून सल्ला दिला.

"सतरंजी आहे का ती? श्वासनळीत गेलं तर जिवानिशी जाईल."

"अगं, नवी आणू," नवरा म्हणाला.

"तुम्हाला दमा जडला तेव्हा मी नवा आणला का?"

पहिल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, फक्त कुत्री-मांजरं. दुसऱ्यांनी काही न विचारताच औषधाचं नाव सांगून टाकलं. ताईंनी फोन ठेवला. माप न घेता कात्री लावणाऱ्याच्या हाती त्या उशीचा अभ्राही देत नसत, बाईसाहेब तर दूरच. पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानदारानं तिसरा नंबर दिला. या डॉक्टरीणबाई सांगण्याआधी विचारत होत्या.

"टणक आहे की पाण्याच्या फुग्यासारखी?"

"टणक."

"तोंडाला आंबूस वास?"

"नाही."

"झोपते कशावर?"

ताई पहिल्यांदाच अडखळल्या. भुसा टोचेल म्हणून खुराड्यात शिवणातल्या कापडाची मऊ कातरण त्यांनीच अंथरली होती, दोऱ्यांसकट.

"लगेच घेऊन या. आता तेल-पाणी काहीही पाजू नका."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भूल दिली, थोडी पिसं काढली आणि बोटाच्या पेराएवढा छेद घेतला. चिमट्याला लाल दोरा आला, मागून हिरवा, मग सगळ्यांची वळून झालेली जाड वात.

"हा वकीलबाईंच्या पडद्यांचा," ताई पुटपुटल्या. "हा माझ्याच परकराचा. म्हणजे मीच खाऊ घातलं की तिला."

"रडायचं नंतर. टॉर्च नीट धरा."

ताईंनी नाक ओढलं आणि टॉर्च धरली. शिवण सुरू झाली तसा हात आपोआप स्थिर झाला.

"दोनदा शिवताय?"

"आधी पिशवी, मग कातडी. एकमेकींना चिकटायला नकोत."

"अस्तर सुटं ठेवायचं, कळलं. तो कडेचा टाका मात्र सैल पडलाय."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, मग टाक्याकडे पाहिलं. मुकाट्यानं उसवला आणि पुन्हा घातला.

घरी आल्याबरोबर ताईंनी खुराडं झाडून काढलं, भुसा पसरला. पुढचे तीन दिवस त्यांनी मऊ भिजवलेलं खाणं चमच्या-चमच्यानं भरवलं. टाका धरला, पण खाल्लेलं पुढे सरकतंय का, हे कळायचं होतं. चौथ्या दिवशी खुराड्यात घट्ट, वर पांढरी टोपी असलेली शी सापडली. ताईंनी तिचा फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवला.

"अहो, बघा, बघा!"

"जेवतोय ना गं मी."

तिकडून उत्तर आलं: "अप्रतिम! जिंकलात."

ताईंनी फोन नवऱ्याच्या ताटाशेजारी पेल्याला टेकवून उभा केला आणि चार दिवसांत पहिल्यांदाच स्वतःचं ताट वाढून घेतलं.