कुंड भरेपर्यंत

निघताना आईने एवढंच सांगितलं, "टामिकाची कुंडाशी ओळख करून दिली की माझं काम संपलं. मग मला मशीनवर नेऊ नकोस."

आठवड्यातून तीनदा ॲलिस शहरातल्या दवाखान्यात आईचं रक्त मशीनमधून धुऊन घ्यावं लागतं. चार वर्षं झाली. प्यायला दिवसाचे तीन पेले पाणी, तेही मी मोजून देते. मशीन सोडलं तर आठ-दहा दिवस, असं नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण माझी टामिका सात वर्षांची झाली, आणि आईच्या गावाकडचं कुंड तिने अजून पाहिलं नव्हतं. आजीने त्या कुंडाचं पाणी तोंडात घेऊन नातीच्या डोक्यावर फुंकल्याशिवाय आमच्यात ती जागा पोरीला आपली म्हणत नाही.

शनिवारी पहाटे निघालो. माझा भाऊ सेल्विन गाडी चालवत होता. रस्ता पन्हळी पत्र्यासारखा. दातांवर दात आपटत होते. दुपारी टायर फुटला. जादाचा टायर आधीच कामी आला होता, म्हणून सेल्विनने फुटक्या टायरात काटेरी गवत ठासून भरलं.

"गाडीला चारा घातलास," आई खिडकीतून म्हणाली, "आता शेण कोण काढणार?"

"तूच काढ. तुझ्याच माहेरी चाललोय."

टामिका पोट धरून हसली. मी हसले नाही. मी मनात म्हणत होते, देवा, हे गवत टिकू देऊ नकोस.

गवत टिकलं. उन्हं कलताना आम्ही पोचलो. आई लांबूनच मोठ्याने ओरडली, "मीच आहे गं! नातीला आणलंय!" जागेला आधी न सांगता आमच्यात कुणी तिथे जात नाही. मग ती सेल्विनच्या खांद्याला धरून खडकावर चढली आणि तिथेच थांबली.

कुंडात मोकाट उंट मरून पडला होता. तहानेने आत उतरला असेल, वर येता आलं नसेल. पाणी आटलं होतं. उरला होता काळा चिखल आणि माश्या.

"देवा, तुझे उपकार," माझ्या मनात आलं. आईचा चेहरा दिसला आणि मी मान खाली घातली.

सेल्विनने दोर बांधून गाडीने उंट ओढून काढला. आई गुडघ्यांवर बसून हातांनी चिखल उपसू लागली. आम्हीही बसलो. कोपरापर्यंत खणलं. ओल लागली, पाणी लागलं नाही.

"आजी, बाटलीतलं घे ना," टामिका म्हणाली.

"ते नळाचं आहे, बाळा. कुंड म्हणेल, ही कोण?"

आईने हात मातीला पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारी ने मला मशीनवर. पाऊस येऊन हे भरेपर्यंत नेत राहा."

"दोन वर्षं थेंब नाही," सेल्विन म्हणाला.

"चार वर्षं टोचून घेतलं, अजून घेईन." तिने बाही खाली ओढली. तिच्या दंडावर सुयांनी गाठी उठल्यात, दोरखंडासारख्या.

शेकोटीवर चहा झाला. आईचा दिवसाचा तिसरा पेला मी तिला दिला. रोज संध्याकाळी पावसासाठी प्रार्थना करायची, हा माझा नेम. मिशनच्या चर्चमध्ये आईनेच मला हात जोडायला लावले होते. आजवर एक संध्याकाळ चुकलेली नाही.

"चल," आई म्हणाली, "आज नीट माग. मनापासून."

तिने माझा हात हातात घेतला. तिची बोटं अजून चिखलाने ओली होती. टामिकाने डोळे मिटले, सेल्विनने टोपी काढली.

मीही डोळे मिटले. ओठ हलवले. शब्द एकही म्हटला नाही.

"आमेन," आई म्हणाली.