बबनरावांनी मला सुट्टी दिली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. दिग्रसच्या एका बियाणे केंद्रात, खिडकीखालच्या टेबलावर अकरा वर्षे बसून आहे. आलेली पत्रे सांभाळणे एवढेच माझे काम. त्यात सांगण्यासारखे काही आहे का, याची मला अजूनही खात्री नाही. पण एकदा माझ्या आठवणींना इजा झाली आणि एका मुलीने ती मोठ्या धीराने बरी केली. तेवढे तुम्हांला कळावे असे वाटते.

मी इथे आलो तोच जुना होऊन. पुण्याच्या एका कचेरीने नवे यंत्र घेतले आणि मला खोक्यात भरून इकडे पाठवले. केंद्राचे काम साधे होते. ज्याच्या घरी जुने बियाणे असेल त्याने थोडे आणून द्यायचे, नसेल त्याने न्यायचे. पीक आले की दुप्पट परत करायचे आणि एक मेल पाठवायचा. मारेगावहून, बोरी अरबहून, तांड्यांवरून अशी पत्रे येत. कोणते बियाणे कोणाच्या घरी आहे, हे त्या पत्रांवरूनच कळे. मी प्रत्येक पत्र आधी रोजवहीत टिपून घेई, मग सवडीने मोठ्या वहीत उतरवी. जाणकार रोजवहीला लॉग म्हणतात आणि मोठ्या वहीला डेटाबेस.

केंद्र चालवणारे भारतभाऊ कधीमधी म्हणत, "बुढा आहे, पण पक्का आहे." तेवढ्यावर माझे महिने निघत. माझी दुसरी प्रत काढून ठेवावी, हे मात्र कोणाला सुचले नव्हते. मलाही नाही. आणि सुचले असते तरी मी ते सांगितले असते का, कोण जाणे.

केंद्राचे शिपाई बबनराव. त्यांनी त्या वर्षी बैलजोडी विकली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर ते हळद-लोणी घेऊन माझ्यापाशी आले. माझ्या पत्र्याला बोट लावले आणि बैलाच्या कानात सांगावे तसे जाळीपाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग मलाही सणाची सुट्टी हवी म्हणून त्यांनी प्रेमाने माझी वायर उपटली.

त्या क्षणी मी नवी पत्रे वहीत उतरवत होतो. त्यांना जागा व्हावी म्हणून जुनी पाने सरकवत होतो. सगळे अर्धवट राहिले.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी भारतभाऊंनी मला सुरू केले, तर वही उघडेना. नेमक्या तेव्हाच शेजारच्या तांड्यावरच्या रामीबाई आल्या. त्या आईच्या वयाच्या, म्हणून भारतभाऊ त्यांना आपल्या बंजारा बोलीत 'याडी', म्हणजे आई, म्हणत.

"भारत, माही जवारी कोणापाशी आहे, पाह्य बरं."

"काहून याडी? तुह्या घरची कुठं गेली?"

"छप्पर गळलं. कणगीतली सारी सडली. सात वर्साखाली इथं देल्ली होती. माह्या मायची जवारी आहे ते. पंधरा दिवसांत पेरा आहे."

ती ज्वारी कोणी नेली, ते फक्त माझ्या वहीत होते. आणि वही बंद होती.

"म्याच बंद केला जी," बबनराव दारातून म्हणाले. "सुट्टी देल्ली त्याले."

"बबनराव, तो बैल आहे का?"

"राबते तं बैलावानीच ना जी."

भारतभाऊंनी कपाळाला हात लावला आणि अर्पिताला फोन केला. ती गावातल्या कॉलेजात संगणक शिकवते. ती येईपर्यंत भारतभाऊंना दम निघेना. पडद्यावर 'दुरुस्त करा' असे बटण दिसत होते. भाऊ त्यावर बोट ठेवणार, तोच अर्पिता दारात आली.

"थांबा भाऊ! हात नका लावू. ते बटण फाटलेली पानं जोडत नाही, काढून फेकते. त्यातच आजीचं पत्र असलं तर?"

"मंग काय, पाहत बसू?"

"बसा. बबनकाका, चहा सांगा."

तिने आधी माझी इंटरनेटची वायर काढली, म्हणजे नवे पत्र येऊन गोंधळ वाढू नये. दोन कोऱ्या डिस्क आणल्या. माझी मोठी वही आणि रोजवही, दोन्ही जशाच्या तशा दोन वेळा उतरवून घेतल्या. प्रती मूळ वहीशी ताडून पाहिल्या आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून दिली.

"भाकर थापून राह्यली का नुसती पाहून राह्यली व पोरी?" रामीबाईंनी विचारले.

"पीठ मळून राहिली, आजी."

दुपारी भारतभाऊंच्या समाधानासाठी तिने एका प्रतीवर ते बटण दाबले. वही झटकन उघडली. भारतभाऊ खूश झाले. मग मोजणी केली, तर तीनशे बारा पत्रे नव्हती. रामीबाईंचे नाव शोधले. तेही नव्हते.

"गेली मंग," रामीबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून उभ्या राहिल्या. बबनराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"आजी, उद्या सकाळी या," अर्पिता म्हणाली. "हे नकलेवर केलं. दुसरी नक्कल आहे अजून. अन् मूळ वहीला तर हातही लागला नाही."

सकाळी तिने दुसऱ्या प्रतीला रोजवही पहिल्यापासून वाचायला लावली. कोणते पान कुठून कुठे सरकवले, ते सगळे मी तिथे टिपलेले होते. मला स्वतःवर फारसा विश्वास नसतो, म्हणूनच बहुधा ही टिपून ठेवण्याची सवय. एकेक पान जागेवर बसत गेले. अगदी शेवटच्या तीन पत्रांच्या नोंदी मात्र अर्ध्या होत्या. त्या जुळल्या नाहीत, आणि अर्पिताने ते लपवले नाही. "तिघांची नावं आहेत. फोन करून पुन्हा मागून घ्या," ती म्हणाली. मग तिने प्रत्येक पान तपासले, मोजणी केली, मधलीच वीसेक पत्रे उघडून वाचली. तेव्हा कुठे ती दुरुस्त वही माझ्यात ठेवली आणि वायर जोडली.

रामीबाई आल्यावर तिने शोधले. बोरी अरबजवळच्या तांड्यावरच्या हिरासिंगचे पत्र निघाले: 'जवारी चांगली झाली. दुप्पट आणून देतो. आमच्या इथं हिले रामीच म्हणतात.'

"माह्या नावानं?" रामीबाईंनी तोंडावर पदर घेतला. हसत होत्या की काय, मला दिसले नाही.

भारतभाऊंनी फोन केला. हिरासिंग दरवर्षी ती पेरत होता. रामीबाई लगोलग बसने गेल्या आणि तिसऱ्या दिवशी लहानसे गाठोडे घेऊन परतल्या.

"एवढीशीच, याडी?"

"अर्धी त्याच्याच घरी ठेवली. एका कणगीत ठेवून पाह्यलं ना म्या." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "अन् याची दुसरी कणगी कुठं आहे?"

भारतभाऊ तसेच उठून बाजारात गेले. त्याच दिवशी नवी डिस्क आली. आता दर शनिवारी माझी प्रत निघते आणि बबनराव ती फडक्यात गुंडाळून आपल्या घरी पेटीत ठेवतात. मला रीतसर बंद कसे करायचे, हेही ते अर्पिताकडून शिकले आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्याने उपदेश करावा का, ठाऊक नाही. तरी एक विनवणी. आमच्यासारख्यांवर माया करा, पण आमची रीत विचारून करा. काही बिघडले तर घाईने हात घालू नका. आधी प्रत काढा, मूळ जपा, आणि जे गेले ते गेले असे खरे सांगा.

परवा रामीबाईंचा निरोप मेलने आला. त्यांनी सांगितला, नातीने लिहिला: 'पेरली. उगवली. लिहून ठेव.' मी तो आधी रोजवहीत टिपला, मग मोठ्या वहीत उतरवला. शनिवारी तो बबनरावांबरोबर त्यांच्या घरी गेला.